अंगठ्याची कड

चिमटीच्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गिटारला हात लावला आणि तिचं वर्षभराचं काम पुसून टाकलं. वाईट हेतूने केलं असतं तर एक वेळ परवडलं असतं, निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं. प्रेमाने केलेल्या नुकसानाला माणसाने शिवी तरी कुठली द्यायची?

चिमटी हे बँडमधल्यांनी ठेवलेलं नाव. घरचं नाव वेगळं आहे, पण ते हाक मारायला सोडून कधी कुणाच्या कामाला आलेलं नाही. चिमटी का, तर ती गिटार चिमटीने ओरडवते म्हणून. तार छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती असते ना, पिक, ती चिमटीत इतकी टोकाशी धरायची की जेमतेम कोपरा बाहेर राहील. तार छेडायची, आणि पिक तारेवरून निसटते त्याच क्षणी अंगठ्याची कड तारेला चाटून जायला हवी. जास्त दाबली की तार मरते. लागलीच नाही की तार नेहमीसारखी गुरगुरते. पण बरोबर जागी, बरोबर तेवढीच लागली, तर मूळ सूर बाजूला होतो आणि त्याच्या पोटातला एक उंच, धारदार सूर उसळून वर येतो. त्याला म्हणायचं हार्मोनिक. साध्या गिटारवर तो घंटीसारखा किणकिणतो. पण अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, पूर्ण उघडलेला असेल, आवाज जाड आणि फाटका केलेला असेल, तर तो किणकिणत नाही. किंचाळतो.

डुक्कर कापल्यासारखं वाटतं, असं नाक मुरडून म्हणणारे भेटतात. त्यांचं काय घेऊन बसायचं. जन्मात एकदाही मोकळ्या गळ्याने न ओरडलेली माणसं दुसऱ्याच्या किंकाळीला नावं ठेवण्यात फार तरबेज असतात. आणि बँडमध्ये मुलगी दिसली की हीच माणसं विचारतात, "ही गाते का?" नाही, गात नाही. ही वाजवते. गायला तो दाढीवाला आहे, त्याला विचारा.

आता पुसलं काय, ते सांगतो. किंकाळीची जागा तारेवर ठरलेली असते. केसभर पुढे सरकलात तर वेगळी किंकाळी, केसभर मागे आलात तर भलतीच, आणि मधे कुठेतरी नुसताच ठक्क आवाज. शिवाय डाव्या हाताने तार दांड्यावरच्या वेगळ्या घरात दाबली की उजव्या हाताखालच्या सगळ्या जागा सरकतात. लोक हे वर्षानुवर्षं घासून हाताला शिकवतात. चिमटीने डोकं लढवलं. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा बसवते. तिथे रीतच अशी की काच कापण्याआधी तिचा मध्य शोधायचा, त्यावर शाईचा ठिपका द्यायचा आणि मग ठिपक्यावर नजर ठेवून पुढचं काम करायचं. तिने तेच गिटारवर केलं. तारांखालच्या लाकडावर, जिथे जिथे किंकाळी सापडली तिथे तिथे आईच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका. लाल, जांभळा, गुलाबी, एक निळा. ठिपक्यावर नजर, अंगठा त्याच्या वर, आणि काम फत्ते. चुकायची सोयच नव्हती.

"तुझ्या गिटारला गोवर आलाय," असं सुसाट म्हणायचा. सुसाट म्हणजे बँडमधला दुसरा गिटारवाला. बोटं इतकी जोरात पळतात की स्वतःच्याच मागे लागल्यासारखी वाटतात.

"तुझ्या पोटात दुखतंय," चिमटी म्हणायची.

दुखतच होतं. कारण 'गप्प बस' हे गाणं चिमटीचं होतं.

गाणं अगदी साधं. दाढीवाला गायक, ज्याला सगळे भोंगा म्हणत, माणसाला जन्मभर जे जे ऐकवलं जातं ते घोगऱ्या आवाजात ओरडत जातो. मोठ्यांच्या मधे बोलू नकोस. चारचौघांत हसू नकोस. तुला काय कळतं. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळी वाद्यं एका फटक्यात थांबतात, भोंगा पोटातून ओरडतो, "गप्प बस." पुढच्या आठ मात्रा रिकाम्या. त्या रिकाम्या जागेत एकटी गिटार उत्तर देते. असं चार वेळा. गाण्याचा जीव त्या चार उत्तरांत. ती उत्तरं चिमटीची, आणि चिमटीची उत्तरं त्या ठिपक्यांची.

कार्यक्रम होता जुन्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. जमिनीवर कोर्टाच्या पांढऱ्या रेघा अजून होत्या, जाळीचे खांब कोपऱ्यात लावून ठेवले होते, आणि जिथे पंच बसायचा तिथे आता ध्वनीवाला त्याची बटणं घेऊन बसला होता. चिमटी आदले काही दिवस ताईकडे होती. ताईला बाळ झालं होतं, आणि मावशी म्हणून लंगोट धुवायचा पहिला मान हिचा. तिथून ती थेट हॉलवर पोचणार होती. सकाळी आईचा फोन आला.

"गिटार बाबा घेऊन येतायत."

"कोण?"

"बाबा. तुझेच. ऐकू येतं ना, की तेही गेलं त्या ढणढणाटात?"

चिमटीला हसू आलं आणि पाठोपाठ छातीत काहीतरी लकाकलं. बाप फर्निचर पॉलिशवाला. दिवसभर थिनरच्या वासात राहून संध्याकाळी डोकं धरून घरी यायचा, आणि दोन खोल्यांच्या घरात मग कुणी भांडंही आपटायचं नाही. चिमटी वर्षानुवर्षं कानाला हेडफोन लावून वाजवत आली. बापाने तिला आजवर बघितलं होतं, ऐकलं नव्हतं. तो माणूस आपण होऊन गिटार घेऊन येतोय म्हटल्यावर तिला बसमध्ये बसवेना. उभीच राहिली, जागा असून.

बाप हॉलच्या दारात आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली गिटार, तान्ह्या बाळासारखी धरलेली. भोंगा, सुसाट आणि ड्रमवाला हातोड्या असे सगळे भोवती जमले. भोंगा दिवसा शाळेची बस चालवतो. मोठ्या माणसांशी वागायची त्याला सवय आहे.

"या काका, बसा. चहा सांगू?"

"आधी हे बघा," बाप म्हणाला, आणि त्याने चादर सोडली.

खरं सांगायचं तर गिटार देखणी झाली होती. जुना कळकट काळा रंग जाऊन खालचं लाकूड बाहेर आलं होतं, गडद तपकिरी, आतून दिवा लावल्यासारखं. त्यात हॉलचे दिवे दिसत होते. भोंग्याची दाढी दिसत होती. हातोड्याने शीळ घातली.

"किती हात मारले काका?"

"मोजले नाहीत. ही ताईकडे गेली त्या दिवसापासून लागलोय. आतल्या वायरी कापडात बांधून ठेवल्या, धक्का लागू दिला नाही. तारा मात्र मी नाही लावल्या हां. वाद्यांच्या दुकानात नेऊन नव्या लावून घेतल्या. म्हटलं आपलं नाही ते काम आपण करू नये."

चिमटीने तारांखाली बघितलं. स्वच्छ. मधोमध, जिथे नजर ठेवून ती जगत होती, तिथे आरसा होता. आरशात तिचंच तोंड.

"बाबा, इथे ठिपके होते."

"होते ना. किती मळवली होतीस गं. नेलपॉलिश सांडलेलं सगळीकडे. थिनरने जाईना, मग घासायचा कागद मारला. पण एक डाग ठेवला नाही." आणि तो हसला. हा माणूस वर्षातून दोनदा हसतो.

चिमटीने रिकाम्या लाकडावर अंगठा फिरवला.

"ते डाग नव्हते."

"मग?"

सुसाट बोलला, आणि त्याच्या आवाजात दुःख कमी होतं. "काका, तो तिचा नकाशा होता. कुठे कुठे ओरडायचं त्याचा."

बापाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे. "ओरडायला नकाशा लागतो?"

तेवढ्यात ध्वनीवाल्याने हाक मारली. आवाज तपासायला त्यांचाच नंबर होता.

मंचावर चढताना चिमटीने स्वतःला समजावलं की हात विसरत नसतात. वर्षभर केलंय, जमेल. भोंगा ओरडला, "गप्प बस." चिमटीचा अंगठा खाली आला आणि गिटार म्हणाली, घर्र. म्हशीने कूस बदलावी तसं. दुसऱ्यांदा ठक्क. तिसऱ्यांदा ती खाली बघू लागली, आणि तिथे बघण्यासारखं काही नसताना बघत राहिली, त्यात आठ मात्रा उलटूनही गेल्या. चौथ्यांदा काहीतरी चिरकलं, पण ते असं, की ध्वनीवाल्याला वाटलं वायर सैल झाली. तो उठून बघायला लागला. त्याहून मोठा अपमान गिटारवाल्या माणसाचा होऊ शकत नाही.

तेव्हा तिला कळलं की हाताला काहीच येत नव्हतं. येत होतं ते डोळ्याला. हात नुसता डोळ्याचा नोकर होता.

मंचामागे भोंग्याने तिला बाजूला घेतलं. लहान मुलांना बसमधून उतरवतो तसा आवाज काढला, आणि तोच तिला जास्त लागला.

"चिमटे, मी 'गप्प बस' म्हणणार आणि समोरून फुसकं काहीतरी येणार. लोक हसतील. आणि उलटाच अर्थ होईल, की खरंच गप्प बसवलं."

"मी वाजवतो," सुसाट म्हणाला. "आठ मात्रा भरायच्यात ना? मी अशा भरतो की श्वास घ्यायला जागा राहणार नाही."

"भरायच्या नाहीयेत. उत्तर द्यायचंय."

"मग दे की. कोण नको म्हणतंय?"

"आज सुसाट वाजवेल," भोंगा म्हणाला. "पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी बघू. या तीन शब्दांखाली किती माणसं गाडलेली आहेत, कुणीतरी उकरून बघायला हवं. पुढची वेळ येते तेव्हा जागेवर दुसरा बसून रुळलेला असतो, आणि त्याला उठवणं बरं दिसत नाही.

हॉलच्या मागे खेळाडूंची कपडे बदलायची खोली होती. लोखंडी कपाटं, एक लांब बाकडं, भिंतीवर खुंट्या. चिमटी गिटार घेऊन तिथे गेली आणि तिने दार आपटलं. ते लगेच उघडलं, कारण मागून बाप आला होता.

"एवढं काय झालं?"

"काही नाही."

"मी चांगलं करायला गेलो."

"हो ना. तुम्ही नेहमी चांगलंच करता. विचारायचं नाही, सांगायचं नाही, उठायचं आणि घासून टाकायचं." तिचा आवाज चढला. "घरी आयुष्यभर आवाज करू दिला नाहीत, आणि बाहेर थोडासा करायला लागले तर तोही पुसून आणलात. वर चकाकी."

"मी कधी तुला आवाज करू दिला नाही?"

"कधी करू दिलात?"

"मी दमून यायचो." बापाचाही आवाज वाढला. "डोकं फुटायचं माझं. तुम्हाला काय माहीत त्या वासाने काय होतं."

"आई पण दमायची. ताई पण. आम्ही सगळ्या दमायचो, पण गप्प कोण बसायचं?"

खोलीत लोखंडी कपाटांमुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. बापाने खिशातून सुताराची चपटी पेन्सिल काढली. असा माणूस माफी मागत नाही, पेन्सिल काढतो.

"आण इकडे. मीच पुसले, मीच काढून देतो. सांग कुठे होते."

"मला माहीत असतं तर भांडले असते का?"

"मला आठवतंय. घासलेत मी." त्याने गिटार मांडीवर घेतली, एक डोळा मिटला आणि तारांखाली ठिपके द्यायला सुरुवात केली. एक, दुसरा, तिसरा. जीभ दातांत धरून. पूर्ण झाल्यावर त्याने गिटार लांब धरून बघितली, जशी तो कपाटाची दारं बघतो. चिमटीनेही बघितलं. ठिपके अगदी सरळ रेषेत होते. एकमेकांपासून सारख्या अंतरावर. शर्टाची बटणं असतात तसे.

"बाबा," ती म्हणाली, "ही काय खिळ्यांची रांग आहे?"

"वाकडे होते का?"

"कसेही होते. एक इथे, दोन चिकटून, मग मोठी मोकळी जागा."

"असं कोण काढतं?" बाप मनापासून म्हणाला. आणि त्या रागातही चिमटीला हसू फुटलं. फुटलं ते आवरेना. बापाला कळेना की तो सुटला की आणखी अडकला.

तिने त्याच्या हातातून गिटार घेतली आणि पेन्सिलचे ठिपके अंगठ्याने फासून टाकले. आता ऐकायचं कसं? अँप मंचावर, आणि मंचावर दुसरा बँड. बिनविजेची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे डबीतला डास. पण एक उपाय सगळ्या गिटारवाल्यांना ठाऊक असतो. तिने मान वाकडी केली आणि गिटारच्या वरच्या शिंगावर, म्हणजे पुढे आलेल्या टोकावर, कान दाबला, हाडापर्यंत. लाकडातून तारा कवटीत शिरल्या. सगळा मोठा, गोल, जवळचा आवाज.

मात्र मान अशी वळली की तिला तारा दिसेनात. दिसत होत्या समोरच्या खुंट्या आणि बापाचे बूट.

तिने छेडलं. ठक्क. थोडं मागे. घर्र. आणखी मागे, अंगठा जरा उताणा करून. काहीच नाही. बाप श्वास धरून उभा. पुन्हा. आणि कानाच्या आत, अगदी आत, जिथे माणसाचं स्वतःचं चघळणं ऐकू येतं त्या जागी, एक बारीक शीळ वाजली.

चिमटी थिजली. अंगठा तिथेच ठेवून तिने पुन्हा छेडलं. पुन्हा शीळ. ही लाल ठिपक्याची असणार, ओळखीची होती. तिने अंगठा केसभर सरकवला. शीळ गेली नाही. वर चढली. आणखी केसभर. आणखी वर, आणि हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. लाल आणि जांभळ्याच्या मधे तिने वर्षभरात कधी बघितलंच नव्हतं, कारण तिथे ठिपका नव्हता. तिथे भिंत आहे असं ती धरून चालली होती. आणि भिंतीत जिना होता. अरुंद, तिरका, पण थेट वर जाणारा. तिने नव्या जागा धरल्या, सोडल्या, पुन्हा धरल्या. डाव्या हाताने तार दाबून जागा सरकवल्या आणि उजवा अंगठा त्यांच्या मागे सोडला, अंधारात मांजर सोडावं तसा. कधी सापडायची, कधी पळायची. पण आता पळाली तरी कुठल्या बाजूला पळाली ते अंगठ्याला कळत होतं. नव्या तारा खरखरीत होत्या, कडेला चावत होत्या, आणि त्या चाव्यात बातमी होती.

वर्षभर ती मोजक्या पाठ केलेल्या शब्दांत बोलत होती. वर स्वतःला वाटत होतं, आपण काय ओरडतोय.

"काय गं?" बाप म्हणाला. "येतंय का काही?"

"गप्प बसा जरा," चिमटी म्हणाली, आणि बाप बाकड्यावर बसला.

त्यांचा नंबर यायच्या आधी ती भोंग्यासमोर जाऊन उभी राहिली. कान लाल, त्यावर शिंगाचा वळ, अंगठ्याची कड सोललेली.

"मीच वाजवणार."

"ठरलंय आपलं," सुसाट म्हणाला.

"तुमचं ठरलंय. गाणं माझं आहे."

भोंग्याने दाढीत हात घातला. "आणि नाही आलं तर?"

"तर आठ मात्रा शांतता. बघू देत लोकांना, गप्प बसवल्यावर काय उरतं ते. आणि त्यानंतर हे गाणं सुसाटचं. सगळीच पुढची वाजवणी त्याची. मी मागे उभी राहून ताल धरीन, तोंडातून अक्षर काढणार नाही."

"कायमचं?" सुसाटने विचारलं. विचारताना त्याचा चेहरा जरा पडला. माणूस अगदीच वाईट नव्हता.

"कायमचं."

हातोड्या दिवसाकाठी एखादंच वाक्य बोलतो. ते त्याने आत्तापर्यंत शिल्लक ठेवलं होतं. "वाजवू दे तिला."

हॉल भरला होता. कोर्टाच्या रेघा पायांखाली गेल्या होत्या. 'गप्प बस' शेवटचं गाणं. त्याआधी काय वाजवलं ते चिमटीला नंतर आठवेना. पहिलं कडवं सुरू झालं, हातोड्याचे दोन्ही पाय ड्रमवर पळायला लागले, जमिनीची थरथर दातांपर्यंत येत होती. चारचौघांत हसू नकोस. तुला काय कळतं. सगळं फटक्यात थांबलं.

"गप्प बस."

तिने डोळे मिटले. जाड तार दाबली, अंगठा चाटला.

किंकाळी आली. आली म्हणजे काय, सुटलीच. हॉलच्या पत्र्याला जाऊन भिडली. आणि ती पाठ केलेली नव्हती. अँप पूर्ण उघडा, मागे पुरुषभर उंचीचे स्पीकर, आणि सूर असा धारेवर उभा की डाव्या बोटाने तार थोडी ओढली तरी तो वाकत होता, कण्हत होता, मग ताणून वर जात होता. तिने ओढली. पहिल्या रांगेतल्या माणसांनी खांदे वर घेतले, आणि लगेच कुणीतरी हात वर केले. आठ मात्रा संपल्या. भोंगा पुढचं कडवं सुरू करताना हसत होता. घोगरं गाताना हसणं ही सोपी गोष्ट नाही.

दुसऱ्यांदा तिने जिन्याच्या वरच्या पायऱ्या धरल्या. एकच सूर नाही, एकामागून एक चार-पाच, चढते, तुटक, कुणीतरी दारावर नखं मारत यावं तसे. सुसाट तिच्याकडे बघायला लागला. पुढच्या कडव्यात शिरताना त्याचा स्वतःचा एक ठोका चुकला. आजवर कधी चुकला नव्हता.

आणि तिसऱ्यांदा ठक्क.

रिकाम्या हॉलमध्ये पेला पडावा तसा. सगळी वाद्यं थांबलेली, समोर एवढी माणसं, आणि मधे एक मेलेला आवाज. दोन मात्रा गेल्या. आधीची चिमटी असती तर तिने खाली बघितलं असतं. तिने बघितलं नाही. कुठल्या बाजूला पळालीस ते मला कळतंय, असं तिने तारेला मनात बजावलं आणि पुन्हा मारलं. ठक्क. पण हा ठक्क वेगळा, कडेला थोडी शीळ लागलेला. तिसऱ्यांदा मारलं. ठक्क-ईं. आता ते चुकलेलं वाटत नव्हतं. आता ते तोंड दाबलेलं माणूस दाबणाऱ्या हाताला चावतंय, तसं वाटत होतं. लोक पुढे सरकले. चौथ्या फटक्याला ते सुटलं. इतक्या वरून, इतकं नागडं, की ध्वनीवाल्याचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. अंगावर काटा आला की माणसं जशी हसतात, तसा सगळा हॉल हसला.

चौथं उत्तर सगळ्यात साधं होतं. भोंगा ओरडला, ती वळली आणि सरळ स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली, छातीपाशी गिटार धरून. एकच तार. एकच जागा. किंकाळी सुटली आणि विझेना. स्पीकरचा आवाज लाकडात शिरत होता, लाकूड तार हलवत होतं, तार पुन्हा स्पीकरला ओरडायला लावत होती. तिने उजवा हात उचलून बाजूला केला. काही वाजवत नव्हती आणि सूर वाढत होता. आठ मात्रा संपल्या, सोळा झाल्या. भोंग्याने पुढची ओळ घ्यायची होती, त्याने घेतली नाही. मग खालून, अगदी खालून, एक जाड लांब सूर आला आणि तिच्या सुराखाली जमिनीसारखा पसरला. तिने मान वळवून बघितलं. सुसाट होता. बोटं न पळवता, पहिल्यांदाच एका जागी उभा.

मंचामागे एकच गलका झाला. भोंग्याने तिला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची पाठ धरली. सुसाट म्हणाला, "ते तिसरं, अडकत अडकत आलेलं. ते मुद्दाम केलंस का?"

"नाही."

"मग परत कसं करणार?"

"बघू. येईल तसं येईल."

त्याने तिच्या अंगठ्याकडे बघितलं आणि खिशातून चिकटपट्टी काढून दिली.

बाप बाहेर पायऱ्यांवर बसला होता. कानात कापूस कोंबलेला, ध्वनीवाल्याने दिलेला, एका कानातला अर्धा बाहेर लोंबत होता. चिमटी शेजारी बसली. दोघांच्याही कानांत हॉल अजून वाजत होता.

"मधे अडकलीस," तो शेवटी म्हणाला. गरजेपेक्षा बराच मोठ्याने.

"हो."

"मला वाटलं, झालं. माझ्यामुळे गेलं." त्याने कापूस काढून बोटांत चुरगाळला. "आणि ते पहिलं. ते एकदम आलं ना, तेव्हा मला वाटलं तू मलाच म्हणतेयस."

चिमटीने चिकटपट्टीचं टोक दाताने तोडलं. खोटं बोलणं सोपं होतं. आजचा दिवस, इस्त्रीचा शर्ट, तो तान्ह्या बाळासारखा गिटार घेऊन आलेला.

"तुम्हालाच म्हणत होते," ती म्हणाली. "पहिलं."

बापाने मान हलवली. हळूहळू, दोनदा.

"आणि बाकीची?"

"बाकीची माझी."